बंपरवरचा अंगठा

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, मला माहीत आहे, पण निदान चहा सांडू नका. घोटाळे मी आयुष्यात पुष्कळ केले, पण एक असा केला की आजही समोरून चंदेरी गाडी आली की मी आधी तिच्या बंपरकडे बघतो आणि मग देवाचं नाव घेतो.

मुळात मी भित्रा. किती भित्रा? कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होतो. प्राचार्यांनी बेल वाजवली की शिपायाच्या आधी मी उठून उभा! कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलणार. वीज कडाडली की पलंगावर पाय वर घेऊन बसणार. पण ही सगळी भीती एका पारड्यात आणि आमचे सासरे दुसऱ्या पारड्यात.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांची अख्खी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, ह्याचाच पगार. रिटायर झाल्यावर पगार थांबला, सवय काही थांबली नाही. वरणात मीठ कमी पडलं तर ते 'अळणी झालंय' म्हणायचे नाहीत, 'रिजेक्ट' म्हणायचे! मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला खिडकीपाशी, उजेडात बसायला सांगितलं होतं. माझी भीती तिथून सुरू झाली.

आणि मला ते कधीच रागावले नाहीत बरं का! रागावणार कसे? जावई ना मी! जावयाला पाट द्यायचा, 'तुम्ही' म्हणायचं, वाटीत तूप ओतायचं, पण बोलायचं नाही. त्यामुळे माझं काही खटकलं की अण्णा गप्प व्हायचे आणि नुसते बघायचे. ओरडणारा माणूस परवडला हो. ओरडून मोकळा होतो. हे बघणं मात्र मला घरी आल्यावरसुद्धा पाठीवर जाणवायचं.

तर ह्या अण्णांनी गाडी घेतली. त्या काळात रिटायर माणसाने नवी कोरी गाडी घेणं म्हणजे कॉलनीत चर्चेचा विषय. चंदेरी रंगाची, सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवलेली. घटस्थापनेला घरी आली. अण्णांनी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक पाठ केलं आणि येईल त्याला गाडी दाखवायला सुरुवात केली. दाखवायची म्हणजे लांबून नाही! बॉनेट उघडून, डिकी उघडून, जॅक बाहेर काढून, पुस्तकातलं पान समोर धरून. पेढा घ्यायला आलेला माणूस स्टेपनी बघितल्याशिवाय सुटायचा नाही.

माझाही नंबर लागला. ऑक्टोबरचं ऊन, अण्णा पुढे, मी मागे.

"हे असं उघडतं, जावईबापू. समजलं?"

"समजलं."

"हे इथे बसतं. समजलं?"

"समजलं, समजलं."

खरं सांगू? घरातून साबुदाणा वड्यांचा वास येत होता आणि माझा जीव तिकडे लागला होता. आपण काय काय समजलो, ह्याची मला काडीचीही कल्पना नव्हती. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नवरात्र संपत आलं तेव्हा अण्णा आणि सासूबाई कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर वणीच्या गडावर निघाले. आणि निघताना काय झालं असेल? अण्णांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली! माझ्या! ज्या माणसाने शेजाऱ्याला गाडीला टेकून उभं राहू दिलं नव्हतं, त्याने!

"तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुरक्षित राहील," अण्णा म्हणाले. "नवमीला सकाळी मखमलाबादहून झेंडूची फुलं आणा. दसऱ्याला गाडी घेऊन इकडे या. पूजा करू आणि घोटीला माझ्या ताईला सोनं द्यायला जाऊ."

घरी येताना आमची शुभा रडायचीच बाकी होती. "अहो, अण्णांनी तुम्हाला चावी दिली! म्हणजे आता तुम्ही पास झालात!"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझा निकाल राखून ठेवलेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. बायको इतक्या कौतुकाने माझ्याकडे लग्नातसुद्धा बघत नव्हती. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, गाडी जशीच्या तशी परत द्यायची.

नवमीला रविवार होता. सकाळी मखमलाबादला गेलो, अण्णांच्या ओळखीच्या मळ्यातून फुलं घेतली, मागची सीट फुलांनी भरली आणि बैलगाडीच्या वेगाने सिडकोत घरी परत आलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. देऊ देत! पार्किंगमध्ये शिरलो. समोर भिंत. मी हळू... हळू... अगदी हळू पुढे घेतली आणि...

कडाक्!

माझ्या हृदयाचा आवाज असता तर बरं झालं असतं. पण तो गाडीखालून आला होता.

उतरलो. दाराला धरून धरून पुढे गेलो. बघतो तर काय? बंपरच्या उजव्या बाजूचा एक तुकडा निघून लोंबत होता! एका बारीक पट्टीवर कसाबसा अडकलेला, आणि मागे काळं भोक. मी तो तुकडा जागच्या जागी दाबायला गेलो आणि घाबरल्या हाताने असा काही दाबला की पट्टी तुटून तुकडा माझ्या हातात आला.

वर बघितलं. गॅलरीत शुभा टॉवेल वाळत घालत होती. तिने हात केला. मीही हात केला. तुकडा दुसऱ्या हातात, पाठीमागे.

"गाडी धुऊन आणतो गं!" मी ओरडलो. "दसऱ्याची!"

आणि सुटलो तो थेट पगारेकडे.

पगारे म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र. पाथर्डी फाट्याजवळ त्याचं रो-हाऊस. पगारेला सगळं येतं असं पगारेचं म्हणणं होतं. घरातला मिक्सर, इस्त्री, नळ, सगळं तो स्वतः दुरुस्त करायचा. त्याच्या घरी मिक्सर, इस्त्री आणि नळ का चालत नाहीत हा विचार मी आधीच करायला हवा होता. पण बुडणारा माणूस होता मी, मला विचार कुठला?

"अरे, प्लास्टिक तर आहे!" पगारेने बंपरवर टिचकी मारली. "विमान असतं तर गोष्ट वेगळी. तुकडा आहे ना हातात? मग अर्धं काम झालं."

त्याने तुकडा भोकावर ठेवला आणि दाबला. टक्! बसला!

"बघ!" पगारे म्हणाला. "कसा नेमका बसला!"

"पण भेग दिसतेय रे. चारही बाजूंनी."

पगारेने डोळे बारीक करून बघितलं. "सरळ रेषेत तुटलाय बघ. एकदम चौकोनी. ह्याला म्हणतात क्वालिटी! तुटलं तरी शिस्तीत तुटतं."

मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी मान डोलावली! अहो, भीतीने माणसाची अक्कल कुठे जाते हे मला विचारा.

मग पगारेने तुकडा पुन्हा काढला आणि भोकात बोट घातलं. "अरे, आत आटे आहेत. मोठ्या नटासारखं काहीतरी आहे. इथला बोल्ट पडलाय तुझा!"

आता बोल्टही पडला? आम्ही गाडीखाली वाकून बघितलं, पगारेचं अंगण बघितलं, मी तर येतानाचा रस्ता फाट्यापर्यंत चालत बघून आलो. बोल्ट काही सापडला नाही.

"जाऊ दे," पगारे म्हणाला. "बोल्टशिवाय तुकडा बसतोय, पण खड्ड्यात आपटून निघायचा. आपण आतून असा भरून टाकू की अण्णांचे पणतू म्हातारे होतील, पण तुकडा हलणार नाही."

पाइप गळायला लागला की दोन वड्या एकत्र मळून लावतात ना, दगडासारखं घट्ट होतं ते? पगारेकडे त्याचा साठाच होता. नळांमुळे. आम्ही दोघांनी भाकरीच्या पिठासारखं ते मळलं आणि भोकात कोंबलं. आट्यांत, नटात, जिथे म्हणून जागा दिसली तिथे. वर तुकडा दाबला. चारी बाजूंच्या भेगेत उरलेलं लिंपलं. घट्ट झाल्यावर पॉलिश पेपरने घासलं. आणि तुम्हाला सांगतो, भेग गेली! हात फिरवला तर लोण्यासारखं गुळगुळीत. मी पगारेला मिठी मारली.

फक्त एक झालं. घासताना आजूबाजूचा रंगही गेला.

"सिल्व्हर आहे माझ्याकडे," पगारे म्हणाला. "गेटला लावलेला उरलाय."

मी गेटकडे बघितलं. सावलीत गेट आणि गाडी अगदी सख्ख्या बहिणी दिसत होत्या. लावला! ब्रशने, हळुवार, त्या चौकोनापुरता. मग ऊन सरकलं, गाडीवर पडलं. आणि अरे देवा! गाडी चंदेरी आणि तो चौकोन घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखा. लांबून, अगदी रस्त्यावरूनसुद्धा दिसेल असा.

"आता रे?"

"आता सगळ्या बंपरला लावायचा," पगारे शांतपणे म्हणाला. "म्हणजे फरक कळणार नाही. लोकांना वाटेल, बंपरचा रंगच असा आहे."

हे तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. मला तेव्हा पटलं होतं. अण्णा संध्याकाळी गडावरून परत यायचे होते आणि सकाळी मला त्यांच्या दारात उभं राहायचं होतं. तेव्हा मला काहीही पटलं असतं.

लावला सगळ्या बंपरला. पण वाळेल तर शपथ! लोखंडावर वाळणारा रंग प्लास्टिकवर नुसता चिकट होऊन बसला. त्यात एक डास येऊन चिकटला. ब्रशचे केस चिकटले. शेजारच्या शेवग्याची पानं उडत आली, तीही चिकटली. एकेक पान मी चिमट्याने काढत होतो आणि मनात सप्तशृंगीला नवस बोलत होतो. तिच्याच गडावर अण्णा त्या वेळी उभे होते, म्हणजे आमची दोघांची प्रार्थना एकदमच पोचत असणार, आणि बाई गोंधळात पडली असणार.

शेवटी पगारेने बायकोचं केस वाळवायचं मशीन आणलं. वहिनी मागून ओरडल्या, "अहो, ते तरी राहू द्या! घरात तेवढंच चालू आहे!" पण पगारे ऐकतो? गरम हवेचा झोत लावला त्याने एका जागी, आणि बघता बघता बंपर तिथे मेणासारखा खाली झुकायला लागला.

"पगारे! थांब! वितळतोय!"

मी घाबरून अंगठ्याने तो पुढून दाबून वर धरला. पगारेने वर ओलं पोतं टाकलं. थोड्या वेळाने पोतं काढलं. बंपर जागच्या जागी होता. आणि त्यावर, पुढच्या बाजूला, हेडलाइटच्या खाली, माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. असा स्पष्ट, की कुठल्याही सरकारी ऑफिसात चालला असता.

पगारेने ठशाशेजारी आपला अंगठा धरून माप घेतलं. मग म्हणाला, "उद्या दसरा आहे ना? हार घाल वर. कोण बघतंय?"

पगारेच्या आयुष्यातली ही एकच दुरुस्ती मला त्या क्षणी जमल्यासारखी वाटली. खरंच की! दसऱ्याला गाडीला हार नाही अशी गाडी नाशकात शोधून सापडणार नाही. आणि घातलेला हार काढतो कोण? फुलं सुकतात, काळी पडतात, दोरा दिवाळीपर्यंत लटकत राहतो. तोवर काहीतरी मार्ग निघेल. मी मागच्या सीटवरचा झेंडू काढला आणि तिथेच अंगणात बसून जाडजूड हार ओवला.

सकाळी शुभाला घेऊन इंदिरानगरला अण्णांकडे गेलो तेव्हा गाडी नुसती फुलांनी नटली होती. पुढचं काही दिसतच नव्हतं. शुभा म्हणाली, "किती हौसेने केलंत हो!" मी हार जरा आणखी खाली ओढला.

अण्णा ओट्यावर पाटावर आपली जुनी हत्यारं मांडत होते. त्यांचा मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, दर दसऱ्याला ते त्यांची पूजा करायचे. गाडीकडे येऊन त्यांनी नाक वर केलं.

"थिनरचा वास येतोय का?"

"नव्या गाडीचा असेल," मी म्हणालो.

"नवी गाडी आतून वास मारते, जावईबापू. बाहेरून नाही."

आणि ते बघायला लागले. नुसते बघायला. देवाची कृपा, तेवढ्यात हत्यारांवरचं कुंकू वाऱ्याने उडालं आणि ते तिकडे वळले.

पण सासूबाई ताट घेऊन आल्या. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, आणि बंपरलाही हळद-कुंकू लावावं म्हणून त्यांनी हार वर उचलला. त्यांचं बोट टेकलं. त्यांनी बोट बघितलं. बोटाचं टोक चंदेरी झालं होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कसा दिसत असेन ते मला माहीत नाही. पण त्या माउलीने हार सावकाश खाली सोडला, बोट पदराला पुसलं आणि आत हाक मारली, "शुभा, अजून एक हार आण गं. एवढ्याने होत नाही."

त्या क्षणी मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. सणच होता, म्हणून ठेवलंसुद्धा. कुणाला संशय आला नाही.

निघालो घोटीला. अण्णा चालवत होते, मी शेजारी, मागे मायलेकी आणि आपट्याची पानं. वाडीवऱ्हे मागे पडलं, मला जरा बरं वाटायला लागलं, आणि गाडीने दोन गचके दिले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बंद पडली. कुठलीशी वायर सैल झाली होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा मात्र माझ्या मनात आलं, तो पडलेला बोल्ट! त्याच्यामुळेच! आपण गाडी मारली!

तेवढ्यात एक ट्रॅक्टर थांबला. झेंडूच्या माळा घातलेला, टेप लावलेला. वरचा माणूस खाली उतरला.

"काय झालं काका? नवीच दिसती. वडायची का? फुडं गॅरेज हाय वळखीचं. दोर हाय माझ्यापाशी."

आणि अण्णांचा चेहरा असा उजळला! गाडी बंद पडल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. डिकी उघडून त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून एक मोठा लोखंडी हूक काढला. त्याला एका बाजूला कडी, दुसऱ्या बाजूला आटे.

"पुस्तकात दिलंय!" अण्णा म्हणाले. "हा हूक पुढच्या बंपरमध्ये बसतो. उजव्या बाजूला एक चौकोनी झाकण असतं. ते काढायचं, आत आटे आहेत, त्यात हा फिरवायचा, आणि दोर बांधायचा. बास!"

चौकोनी. झाकण. आत आटे.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्याही आलं. महामार्गावर, भर उन्हात, ट्रक जात असताना, माझ्या एकदम लक्षात आलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मला, बंपरला, जमल्यास पगारेलाही पोटात घ्यावं.

अण्णा पुढे गेले. हार बाजूला करायला लागले. पाकळ्या बंपरला चिकटलेल्याच राहिल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि नखाने झाकणाची कड शोधायला लागले. उजवीकडे. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. नख नुसतं घसरत होतं. त्यांनी पुस्तक आणलं, पान काढलं, पुन्हा बोट फिरवलं.

"इथे झाकण होतं," ते म्हणाले.

"नसेल," मागून सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमचं हल्ली होतंच असं. परवा चष्मा डोळ्यावर ठेवून शोधत होतात."

"चष्म्याचं वेगळं. पण हे झाकण मी स्वतः उघडलं होतं. गडावर जायच्या दिवशी शेजाऱ्यांना दाखवलं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "होतं ना गं? का मला नुसतं वाटतंय?"

आणि मग, मंडळी, मी जे बघितलं ते आजवर विसरलो नाही. अण्णा घाबरले होते. अख्खं आयुष्य दुसऱ्याची खोट काढलेला माणूस हातात हूक घेऊन उभा होता आणि स्वतःच्याच डोक्यात खोट निघाली की काय, म्हणून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडे वळले. बघायला नाही हो, विचारायला.

"जावईबापू, मी तुम्हाला दाखवलं होतं ना?"

'नाही' म्हटलं असतं तर मी सुटत होतो. सासूबाई डोळ्यांनी तेच सांगत होत्या. जन्मात एकदा मिळालेली चावी, बायकोच्या डोळ्यांतलं कौतुक, सगळं वाचत होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून मला वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

"होतं, अण्णा. झाकण होतं. ते मी बुजवलं."

आणि सगळं सांगितलं. भिंत, कडाक् आवाज, तुकडा, पगारे, गेटचा रंग, केसांचं मशीन. ट्रॅक्टरवाल्याने टेप बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"पण तुम्ही भिंतीला धडकलाच नाहीत!" शुभा मध्येच म्हणाली. "मी गॅलरीतून बघत होते! भिंतीपासून चांगले हातभर लांब थांबलात. आवाज तर करवंट्यांचा झाला! बिल्डिंगच्या देवीपुढचे नारळ फोडून करवंट्यांचा ढीग तिथेच टाकतात ना कोपऱ्यात! तुमचं चाक त्यावर गेलं. मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल!"

म्हणजे गाडीला काहीच झालं नव्हतं. शेजाऱ्यांना दाखवून झाल्यावर झाकण नीट दाबलं गेलं नव्हतं, ते धक्क्याने उघडून पट्टीवर लोंबत होतं. नुसतं बोटाने टक् करून बसवायचं होतं. आणि आम्ही ते बसवलंही होतं! टक् आवाजसुद्धा आला होता! बसलेलं झाकण आम्ही पुन्हा काढून भोक बुजवलं होतं.

अण्णांनी हूक ह्या हातातून त्या हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला आणि त्यांनी असा मोठा सुस्कारा सोडला की हारातल्या पाकळ्या हलल्या.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," ते म्हणाले.

ट्रॅक्टरवाला हातोडी आणि छिन्नी घेऊन आला. "काका, ह्यात दगुड भरलाय का काय? लय घट हाय!" त्याने दोन घाव घातले आणि पगारेचं ते अण्णांच्या पणतूंपर्यंत टिकणारं काम, झाकणासकट आणि भोवतालच्या बंपरच्या चांगल्या तुकड्यासकट, खाली पडलं. कडाक् आवाज झाला. ह्या वेळी खरा.

जावयाला बोलता येत नाही, त्यामुळे अण्णा ट्रॅक्टरवाल्याला बोलले. "हळू! नवी गाडी आहे! अक्कल नाही का? काही कळतं का? माहीत नसेल तर विचारावं माणसाने!" तो बिचारा माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. मीही मान खाली घातली. सगळं बरोबर पत्त्यावर पोचत होतं.

आटे खरवडून हूक बसला. ट्रॅक्टरमागून, झेंडूत मढलेले, आम्ही घोटीच्या दिशेने निघालो. गाडी गॅरेजात सोडून शुभाच्या आत्याबाईंकडे पोचलो, तिथे अण्णांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ते म्हणाले. आणि जरा थांबून, तितक्याच आदराने, "आणि पगारेंकडे जाऊ नका."

बंपर बदला म्हणून आम्ही सगळ्यांनी अण्णांना विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. गाडी दाखवायचा त्यांचा कार्यक्रम अजून तसाच चालतो, फक्त त्यात एक नवा मुद्दा आलाय. पाहुण्याला बॉनेट दाखवतात, डिकी दाखवतात, मग पुढे आणतात. "हे भोक. इथे झाकण होतं. आणि हा," बोटाने अलगद दाखवत ते म्हणतात, "हा आमच्या जावईबापूंचा अंगठा. पदवीधर आहेत."

मग ते माझ्याकडे वळतात. "जावईबापू, झाकण कशासाठी असतं ते पाहुण्यांना सांगा. समजलंय ना तुम्हाला?"

आणि मी अंगठा मुठीत लपवून म्हणतो, "समजलं."